संसदेच्या कृषी आणि ग्रामीण विकास समित्यांकडे आपला प्रश्न कसा न्यायचा

पीकविम्याचे पैसे अडकले, मासेमारी बंदीतली मदत आली नाही, म्हातारपणाच्या पेन्शनमधले केंद्राचे दोनशे रुपये काही केल्या वाढत नाहीत, असं काही झालं की आपण निवेदन तयार करतो, तहसीलदारांना देतो, जमलं तर कलेक्टर साहेबांना देतो, पोच घेतो आणि पुढे तो कागद कुठे जातो हे कुणालाच कळत नाही. ते करू नका असं मी म्हणत नाही, स्थानिक पातळीवर ते लागतंच. पण दिल्लीत एक जागा अशी आहे जिथे कृषी खात्याचे, मत्स्य खात्याचे, ग्रामविकास खात्याचे सचिव येऊन बसतात, खासदारांच्या प्रश्नांना तोंडी उत्तरं देतात, नंतर लेखीही देतात, आणि ती उत्तरं रिपोर्टमध्ये छापून येतात. ही जागा म्हणजे संसदेची स्थायी समिती. तिथे साधा शेतकरी, मच्छीमार सोसायटी, बचत गट, शेतकरी उत्पादक कंपनी (एफपीओ), कुणीही लेखी म्हणणं पाठवू शकतं. वकील लागत नाही, फी लागत नाही. तरी आपल्याकडून फार कमी लोक हे करतात, आणि मला मनापासून वाटतं की हे बदललं पाहिजे, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

ही समिती म्हणजे नक्की काय

१९८९ मध्ये संसदेने पहिल्यांदा विषयवार तीन समित्या केल्या आणि त्यातली एक शेतीची होती. १९९३ मध्ये सगळ्या मंत्रालयांसाठी मिळून १७ झाल्या, २००४ पासून २४ आहेत. एका समितीत ३१ जण, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे, सगळ्या पक्षांचे. मंत्री सदस्य होऊ शकत नाही, ही सगळ्यात चांगली गोष्ट. मुदत एक वर्षाची, दरवर्षी समिती नव्याने बनते. बैठका बंद दाराआड होतात, टीव्हीवर दाखवत नाहीत, आणि त्यामुळेच तिथे आरडाओरडा कमी आणि काम जास्त होतं असं म्हणतात. रिपोर्ट वाचले की ते पटतंही, सत्ताधारी खासदारसुद्धा तिथे खात्याला बऱ्यापैकी टोकदार विचारतात.

समितीची कामं मुख्य चार. बजेटमध्ये खात्याने मागितलेले पैसे तपासायचे (याला अनुदानाच्या मागण्या म्हणतात), राज्यसभेच्या सभापतींनी किंवा लोकसभेच्या अध्यक्षांनी पाठवलेलं विधेयक तपासायचं, खात्याचा वार्षिक अहवाल बघायचा, आणि लांब पल्ल्याच्या धोरणांवर बोलायचं. रोजच्या कारभारात पडायचं नाही असं नियमातच आहे. म्हणजे "आमच्या गावच्या तलाठ्याने पंचनामा केला नाही" हा विषय तिथे चालणार नाही, पण "पंचनाम्याची पद्धत अशी आहे की उशीर होणारच, आणि हा घ्या आमच्या तालुक्याचा पुरावा" हा विषय शंभर टक्के चालेल. हा फरक नीट डोक्यात ठेवा, निम्मी निवेदनं इथेच बाद होण्यासारखी असतात.

आधी दार बरोबर निवडा

इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात म्हणून इथे जरा थांबतो.

कृषी, पशुसंवर्धन आणि अन्नप्रक्रिया अशी एक समिती आहे. तिच्याकडे कृषी मंत्रालय, मत्स्य-पशुसंवर्धन-दुग्ध मंत्रालय, अन्नप्रक्रिया आणि २०२१ मध्ये निघालेलं सहकार मंत्रालय येतं. ग्रामीण विकास आणि पंचायत राज ही वेगळी समिती, तिच्याकडे रोजगार हमी, घरकुल, ग्रामसडक, पेन्शन, पंचायत राज, पाणलोट हे सगळं.

आता कांदा घ्या. कांदा शेतातला, म्हणजे कृषी समिती, असं कुणालाही वाटेल. पण डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी घातली ती वाणिज्य मंत्रालयाच्या विदेश व्यापार महासंचालनालयाने, बफर स्टॉकसाठी, म्हणजे सरकारी राखीव साठ्यासाठी, नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांकडून खरेदी होते ती ग्राहक व्यवहार खात्यातर्फे, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लावलं ते अर्थ मंत्रालयाने. म्हणजे लासलगावच्या शेतकऱ्याचं जे नुकसान झालं त्यातले बहुतेक निर्णय कृषी मंत्रालयाचे नव्हतेच. निर्यातबंदीवर लिहायचं तर वाणिज्य समिती (ही राज्यसभेकडे आहे, म्हणजे तिचं कामकाज राज्यसभा सचिवालय बघतं), नाफेडच्या खरेदीवर लिहायचं तर ग्राहक व्यवहार, अन्न आणि सार्वजनिक वितरण समिती. उसाची एफआरपी (केंद्राने ठरवलेला किमान दर), साखरेचा कोटा, इथेनॉल हेही बरंचसं तिकडेच, अन्न खात्याकडे. खत मिळत नाही, लिंकिंग करून, म्हणजे खताबरोबर नको असलेला माल घ्यायलाच लावून, गळ्यात मारतात, तर रसायन आणि खते समिती. धरण, कालवे जलसंपदा समितीकडे.

मच्छीमारांचं तर अजून गुंतागुंतीचं आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या अखत्यारीत, त्याच्या पुढे केंद्र. म्हणून पर्ससीनवाल्यांनी (मोठ्या घेराच्या जाळ्याने मासे धरणाऱ्यांनी) आतल्या पाण्यात येऊन जाळी टाकली तर तो महाराष्ट्राच्या १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याचा विषय आणि तक्रार राज्याच्या मत्स्य आयुक्तांकडे. पण १२ मैलांच्या बाहेर एलईडी दिव्यांनी मासे ओढून मासेमारी चालते, केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्येच त्यावर बंदी घातली आहे, मग अंमलबजावणी कोण करतं, कोस्ट गार्ड की मत्स्य खातं, किती बोटी पकडल्या, हे प्रश्न दिल्लीच्या समितीने विचारायचे प्रश्न आहेत. डिझेल परतावा थकला तर तो राज्याचा, दिल्लीला लिहून उपयोग नाही. डहाणूजवळच्या नियोजित वाढवण बंदराचं म्हणाल तर बंदरं-जहाजवाहतूक हे परिवहन, पर्यटन आणि संस्कृती समितीकडे आणि सीआरझेड (किनाऱ्यावरच्या बांधकामाचे नियम), पर्यावरण हे विज्ञान-तंत्रज्ञान आणि पर्यावरण समितीकडे, दोन्ही राज्यसभेच्या. डहाणूच्या कोळ्याचं मासेमारीचं क्षेत्र जातं म्हणून नुकसान होणार, पण कागदावर हा विषय मत्स्य खात्याचा दिसतच नाही. अशा वेळी मी म्हणेन दोन निवेदनं करा, एक पर्यावरणाचं तिकडे आणि एक मच्छीमारांच्या उपजीविकेचं कृषी समितीकडे, एकाच कागदात सगळं कोंबू नका.

दार बरोबर कळायला एक सोपा उपाय आहे. ज्या जीआरने किंवा नोटिफिकेशनने त्रास झालाय त्याच्या डोक्यावर कुठल्या मंत्रालयाचं, कुठल्या विभागाचं नाव आहे ते वाचा. तो विभाग ज्या समितीकडे, ती तुमची समिती. वर महाराष्ट्र शासन लिहिलेलं असेल तर तुमचं दार मुंबईत आहे, त्याबद्दल शेवटी सांगतो.

लिहायला बसण्याआधी वाचा, आणि सुरुवात शेवटच्या रिपोर्टपासून करा

संसदेची वेबसाइट संसद डॉट इन. तिथे कमिटी म्हणून विभाग आहे, त्यात लोकसभा, मग विभागसंबद्ध स्थायी समित्या, मग कृषी किंवा ग्रामीण विकास. रिपोर्ट हिंदी-इंग्रजी दोन्हीत असतात. सरकारी हिंदी जड असते पण दोन-चार रिपोर्ट वाचले की सवय होते.

रिपोर्ट तीन-चार प्रकारचे दिसतील. बजेटवरचे, विषयावरचे, विधेयकावरचे आणि एक कंटाळवाण्या नावाचा, ॲक्शन टेकन रिपोर्ट, म्हणजे एटीआर, मराठीत कार्यवाही अहवाल म्हणा. बहुतेक लोक हा उघडतच नाहीत. माझं म्हणणं आहे की पहिला हाच उघडा.

कारण असं आहे. समितीने शिफारस केली की सरकारला साधारण तीन महिन्यांत उत्तर द्यावं लागतं. मग समिती ती उत्तरं घेऊन पाच चॅप्टरचा रिपोर्ट काढते. पहिल्यात समितीची टिप्पणी. दुसऱ्यात सरकारने मान्य केलेल्या शिफारशी. तिसऱ्यात अशा शिफारशी की सरकारचं उत्तर ऐकून समितीने विषय सोडून दिला. चौथ्यात अशा, ज्यांच्यावरचं सरकारचं उत्तर समितीला मान्य नाही. पाचव्यात, अंतिम उत्तर अजून यायचंय. आता तुमचा विषय यापैकी कुठे आहे ते शोधा. चौथ्यात असेल तर सोन्याहून पिवळं, समिती आधीच तुमच्या बाजूने भांडतेय आणि तिला गावातला पुरावा हवाय. दुसऱ्यात असेल, म्हणजे सरकार म्हणतंय "मान्य, आम्ही करतोय", तर जमिनीवर खरंच झालं का ते दाखवा. आणि तिसऱ्यात असेल तर सगळ्यात जास्त मेहनत, कारण खात्याने असं काही उत्तर दिलंय की खासदारांचं समाधान झालं, आणि ते उत्तर चुकीचं असेल तर ते चुकीचं कसं हे फक्त तुम्हीच सांगू शकता.

पेन्शनचं उदाहरण बघा. श्रावणबाळ योजनेत आपल्याकडे महिन्याला १५०० मिळतात, पण दारिद्र्यरेषेखालच्या ज्या म्हाताऱ्यांना केंद्राची वृद्धापकाळ पेन्शनही लागू आहे त्यांच्या त्या १५०० मध्ये ८० वर्षांच्या आतल्यांसाठी केंद्राचा वाटा फक्त २०० रुपये आहे. ग्रामीण विकास समितीने, चेअरमन कुठल्याही पक्षाचे असोत, ही रक्कम वाढवा असं पुन्हा पुन्हा लिहिलंय. दरवेळी खात्याचं उत्तर येतं, दरवेळी समिती परत लिहिते. अशा विषयावर तुम्ही फक्त "पेन्शन वाढवा" असं पाठवलं तर नवीन काहीच सांगितलं नाही. पण २०० रुपयांत तुमच्या गावच्या आजीची बीपीची किती दिवसांची गोळी येते, बँक मित्राकडे जायला रिक्षाचे किती जातात, पैसे किती महिन्यांनी एकदम जमा होतात, हे पासबुकाच्या झेरॉक्ससकट पाठवलं (खातं नंबर झाकून) तर समितीच्या हातात खात्याच्या उत्तराला उत्तर येतं.

बजेटवरचा रिपोर्ट वाचताना भाषणबाजी सोडा, टेबल बघा. प्रत्येक योजनेपुढे तीन आकडे असतात, बजेटमध्ये ठेवलेले, मध्येच सुधारलेले आणि खरोखर खर्च झालेले. पहिला मोठा आणि तिसरा लहान असेल तर प्रश्न तिथे आहे. मार्च २०२३ च्या रिपोर्टमध्ये कृषी समितीने हेच पकडलं होतं, कृषी खात्याने २०२०-२१ ते २०२२-२३ या तीन वर्षांत मिळून ४४ हजार कोटींपेक्षा जास्त रक्कम न वापरता परत केली होती. ४४ हजार कोटी! शेतीला पैसा कमी ठेवतात अशी आपली तक्रार असते, पण ठेवलेला पैसाही परत जातो ही तक्रार त्याहून मोठी आहे आणि ती आपण करतच नाही. तुमच्या जिल्ह्यात ठिबकचं अनुदान दोन वर्षं थकलंय आणि त्याच योजनेचा पैसा दिल्लीत परत गेला, हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडले की वेगळं काही बोलावं लागत नाही.

पीकविम्यावरही समितीचा ऑगस्ट २०२१ चा स्वतंत्र रिपोर्ट आहे, दावे उशिरा मिळण्यापासून राज्यं योजनेतून बाहेर का पडली इथपर्यंत. विम्यावर लिहिणाऱ्याने तो वाचल्याशिवाय पेन उचलू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पुरावा कुठून आणायचा

स्वतःच्या गावातून, बस. समितीकडे आकडे कमी नसतात, खातं ढीगभर आकडे देतं, पण ते सगळे राज्याच्या सरासरीचे असतात. आपल्याकडे असते ती एका महसूल मंडळाची, एका बंदराची, एका सोसायटीची खरी यादी. किती जणांनी विमा भरला, ७२ तासांत किती जणांनी नुकसान कळवलं, किती जणांचं सर्वेक्षण झालं, किती जणांना पैसे आले आणि कुठल्या तारखेला. वहीत चार रकाने आखा आणि भरा. मिळत नसेल ते माहिती अधिकारात मागा, १० रुपये फी, ३० दिवसांची मुदत, आणि महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर लागतो हे विसरू नका, नाहीतर अर्ज परत येतो आणि महिना वाया जातो. खासदारांनी संसदेत विचारलेले प्रश्न आणि मंत्र्यांची उत्तरंही त्याच साइटवर आहेत, मंत्र्यांनी सभागृहात दिलेला आकडा आणि तुमच्या वहीतला आकडा जुळत नसेल तर तो मुद्दा पहिल्या पानावर घ्या.

निवेदन कसं लिहायचं, एक नमुना

आपल्याकडच्या निवेदनाची ठरलेली भाषा असते, "वरील विषयास अनुसरून विनंती की मच्छीमार बांधव हवालदिल झाला असून शासनाने तातडीने लक्ष घालावे अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल". भावना खरी आहे, हवालदिल झालेला माणूस खराच आहे, पण यातून समितीचा अधिकारी सचिवांना विचारायला एकही प्रश्न काढू शकत नाही. आणि तुमच्या निवेदनाचं काम तेच आहे, प्रश्न हातात देणं. आंदोलनाचा इशारा तर इथे अजिबात नको, ही समिती सरकार नाही, ती सरकारला प्रश्न विचारणारी आहे.

आता तोच विषय असा लिहून बघा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत या काळासाठी गरीब पारंपरिक मच्छीमार कुटुंबाला मदत आहे, सरकारचे ३,००० आणि मच्छीमाराने स्वतः साठवलेले १,५००, असे मिळून ४,५०० रुपये, तीन महिन्यांत वाटून. मग निवेदनात:

"आमच्या सोसायटीचे सभासद इतके, त्यातले खलाशी म्हणून दुसऱ्याच्या बोटीवर जाणारे इतके. गेल्या वर्षी या मदतीसाठी इतक्या जणांनी अर्ज केला, मंजूर इतके, पैसे जमा झाले अमुक तारखेला, म्हणजे बंदी उठल्यानंतर. नामंजूर अर्जांपैकी इतके या कारणाने गेले (यादी जोडली आहे). बंदीच्या काळात एका खलाशाच्या घरचा किराणा, वीज आणि शाळेचा खर्च सोबतच्या तक्त्यात दिला आहे. आमची समितीला विनंती: एक, मदत १ जूनपूर्वी जमा करण्याची तारीख योजनेतच घालावी, दोन, मागच्या तीन वर्षांत जिल्हानिहाय पैसे कुठल्या तारखेला जमा झाले ते विभागाने समितीला लेखी सांगावे, तीन, बंदरावर मासळी विकणाऱ्या, निवडणाऱ्या, सुकवणाऱ्या महिलांना यात कसे धरले जाते हे विभागाने स्पष्ट करावे."

"इतके" च्या जागी तुमचे आकडे टाका. बघा, दोन नंबरची मागणी किती साधी आहे, फक्त तारीख मागितली आहे. पण ती तारीख सचिवांना द्यावीच लागते आणि एकदा छापून आली की ती कायमची तुमच्या हातात राहते. मी तर म्हणेन प्रत्येक निवेदनात एक तरी मागणी अशी ठेवा जी पैशाची नाही, माहितीची आहे.

याच योजनेत बोट, मासे वाढवायचा पिंजरा, बर्फाचा कारखाना यासाठी अनुदान सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि अनुसूचित जाती-जमाती, महिला यांना ६० टक्के आहे. उरलेले पैसे कुठून आणायचे, बँक मच्छीमाराला तारण काय मागते, किसान क्रेडिट कार्ड मच्छीमारांना लागू होऊन वर्षं झाली तरी शाखेत काय उत्तर मिळतं, यावर मुंबईच्या ससून डॉकला किंवा रत्नागिरीच्या मिरकरवाड्याला कुणाही तांडेलापाशी (बोटीच्या म्होरक्यापाशी) बसा, एका दुपारीत निवेदनाचा मजकूर तयार होईल.

लांबी तीन-चार पानं, त्याहून जास्त नको. पहिल्या अर्ध्या पानात तुम्ही कोण, कुठले, किती जणांच्या वतीने बोलताय आणि तुमच्या तीन मागण्या. बाकी यादी, तक्ते, फोटो जोडपत्रात. परिच्छेदांना नंबर द्या म्हणजे समितीला "परिच्छेद ७ मध्ये म्हटल्याप्रमाणे" असं बोट ठेवता येतं.

भाषा, पत्ता आणि एक महत्त्वाची सावधगिरी

समिती जेव्हा एखाद्या विषयावर किंवा विधेयकावर निवेदनं मागवते तेव्हा पेपरात जाहिरात येते, साइटवरही टाकतात. त्यात साधारणपणे हिंदी किंवा इंग्रजीत दोन प्रती मागतात, पत्ता लोकसभा सचिवालय, संसद भवन ॲनेक्सी, नवी दिल्ली, आणि ईमेल दिलेला असतो. मुदत कमी असते, बऱ्याचदा दोन आठवड्यांच्या आसपास, म्हणून जाहिरात आल्यावर तयारी सुरू केली तर उशीर झालेला असतो, वही आधीच भरलेली हवी. मराठीत लिहा, कुणा शिक्षकाकडून, कॉलेजच्या मुलाकडून हिंदी करून घ्या, आणि सह्या-अंगठे असलेली मराठी मूळ प्रत जोडपत्र म्हणून लावा. भाषांतर करणाऱ्याला एवढंच सांगा की सजवू नकोस, डोल जाळीला डोल जाळीच लिही आणि एका ओळीत ती काय ते सांग.

समितीपुढे जाऊन बोलायची इच्छा असेल तर तसं निवेदनातच स्पष्ट लिहावं लागतं. बोलावणं सगळ्यांना येत नाही. आलं तर मात्र जाच, आणि ज्याच्या नावावर सातबारा आहे किंवा जो समुद्रात जातो तो माणूस न्या, फक्त बोलणारा नेता नको.

आणि ही सावधगिरी. तुम्ही पाठवलेलं निवेदन समितीच्या रेकॉर्डचा भाग होतं आणि ते गोपनीय मानलं जातं. ते व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवणं, पत्रकाराला देणं हा विशेषाधिकारभंग, म्हणजे संसदेच्या हक्कांचा भंग, ठरू शकतो, जाहिरातीतही हे छापलेलं असतं. तुमचा मुद्दा जाहीरपणे मांडायला कुणी अडवत नाही, भाषण करा, लेख लिहा, पण समितीला दिलेला तो कागद तसाच्या तसा पसरवू नका. पोरांना हे आधीच सांगून ठेवा, कारण पाठवल्या-पाठवल्या स्टेटसला टाकायची सवय असते.

जाहिरात नसेल तर? समिती दरवर्षी नव्याने बनल्यावर, हल्ली साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, वर्षभरात कुठले विषय तपासणार त्याची यादी ठरवते, ती बुलेटिनमध्ये आणि साइटवर येते. त्या यादीत तुमचा विषय असेल तर वाट न बघता चेअरमनच्या नावाने पाठवून द्या. नसेल तर विषय घ्यावा म्हणून लिहा, आणि ३१ सदस्यांच्या यादीत महाराष्ट्रातले कोण आहेत ते बघून त्यांच्या जिल्ह्यातल्या ऑफिसात प्रत्यक्ष जाऊन एक पान द्या. आपला खासदार त्या समितीत नसला तरी तो सदस्याला सांगू शकतो. बजेटसाठी घाई वेगळी, १ फेब्रुवारीला बजेट येतं, अधिवेशनाला मध्ये सुट्टी असते तेव्हाच समित्या मागण्या तपासतात आणि मार्चमध्ये रिपोर्ट मांडतात, म्हणून तुमचा कागद फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात दिल्लीत पोचलेला पाहिजे.

समिती गावात येते तेव्हा

येते, खरंच येते. जीएम, म्हणजे जनुकं बदललेल्या, पिकांवर कृषी समिती अभ्यास करत होती, चेअरमन बासुदेव आचार्य, तेव्हा २०१२ मध्ये खासदार यवतमाळला आले होते, भांबराजा गावात. बीटी कापसाचं यशस्वी गाव म्हणून ज्याचा गाजावाजा झाला होता त्याच गावातल्या लोकांनी खासदारांना आत्महत्या, कर्ज आणि उत्पन्नाचं खरं काय ते सांगितलं. ऑगस्ट २०१२ मध्ये रिपोर्ट आला, एकमताने, सत्ताधारी पक्षाच्या खासदारांच्या सह्यांसकट, आणि सरकारची भूमिका वेगळी असताना त्यांनी जीएमच्या शेतातल्या चाचण्या थांबवा असं लिहिलं. जीएमबद्दल तुमचं मत काहीही असो, शेतकरी संघटनांमध्येच त्यावर दोन टोकं आहेत, पण गावातल्या माणसाचं बोलणं दिल्लीच्या कागदात कसं उतरतं ते बघायला हा रिपोर्ट जरूर चाळा.

दौरा असला की अधिकारी चांगल्या शेतावर नेतात. तुम्हाला कळलं तर जिल्हाधिकारी कार्यालयात आधीच लेखी कळवा की आम्हाला भेटायचंय, आणि भेटीत दोन मिनिटांचं बोलणं तयार ठेवा, एक प्रसंग, एक आकडा, एक मागणी. हार-तुऱ्यात वेळ घालवू नका.

ताकद किती, मर्यादा किती

शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहीत हे स्वच्छ सांगतो, म्हणजे नंतर निराशा नको. डिसेंबर २०२४ मध्ये चरणजितसिंग चन्नी चेअरमन असलेल्या कृषी समितीने पीएम-किसानचे वर्षाचे ६,००० रुपये १२,००० करा, हमीभावाला कायद्याची हमी द्या, दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांना मोफत पीकविमा द्या, शेतमजुरांसाठी किमान वेतनाचा आयोग नेमा असं सगळं लिहिलं. लिहिलं म्हणून लगेच झालं नाही. पण हमीभावाच्या कायद्याची मागणी फक्त आंदोलकांची आहे असं आता कुणी म्हणू शकत नाही, सर्वपक्षीय समितीच्या रिपोर्टचा नंबर देता येतो.

खरी काळजीची गोष्ट वेगळी आहे, विधेयकं समितीकडे जायचंच प्रमाण घसरलंय. १५ व्या लोकसभेत ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली होती, १७ व्या लोकसभेत १६ टक्के. तीन कृषी कायदे सप्टेंबर २०२० मध्ये कुठल्याही समितीकडे न जाता मंजूर झाले, मग वर्षभर दिल्लीच्या सीमेवर शेतकरी बसले, सुप्रीम कोर्टाने स्थगिती देऊन स्वतःची समिती नेमली ज्यात आपल्या महाराष्ट्रातले, शेतकरी संघटनेचे अनिल घनवट होते, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये कायदेच मागे घेतले. कायद्यांच्या बाजूचे असा की विरोधातले, जे ऐकून घेणं आधी संसदेच्या खोलीत व्हायला हवं होतं ते नंतर थंडीत रस्त्यावर झालं, आणि किती माणसं त्यात गेली. डिसेंबर २०२५ मध्ये मनरेगाच्या जागी १२५ दिवसांचा नवीन कायदा आला, ग्रामीण विकास समितीने त्याआधी दीडशे दिवस आणि किमान ४०० रुपये मजुरी सुचवली होती, पण ते विधेयकही समितीकडे गेलं नाही, त्याच अधिवेशनात मंजूर झालं. ज्या रोजगार हमीचा पहिला कायदा १९७७ मध्ये महाराष्ट्राने केला तिच्याबद्दल आपल्या मजुरांना कुणी विचारलंच नाही याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून शेती, मासेमारी, गावाबद्दलचं कुठलंही विधेयक मांडलं गेलं की पहिल्याच दिवशी खासदाराला एक ओळीचा मेसेज करा, हे समितीकडे पाठवा अशी मागणी करा. त्याला फार काही लागत नाही.

पाठवल्यानंतर

रिपोर्ट पटलावर आला की त्यात तुमचा मुद्दा आलाय का बघा, नाव नसेल तरी मुद्दा ओळखू येतो. शिफारशीचा नंबर लिहून ठेवा. तीन महिन्यांनी सरकारचं उत्तर, मग एटीआर. शिवाय रिपोर्टमधल्या शिफारशींवर कुठपर्यंत आलं याचं निवेदन मंत्र्यांनी सभागृहात करायचं असतं, २००४ पासून तसा लोकसभा अध्यक्षांचा निर्देश आहे, क्रमांक ७३ए. ते झालं नसेल तर आपल्या खासदाराला विचारायला लावा. समिती दरवर्षी बदलते, खासदार बदलतात, त्यामुळे मागचा सगळा माग ठेवणारं गावात कुणीतरी एक पाहिजे, सोसायटीचा सेक्रेटरी, शाळेतले सर, कुणीही, एक फाइल आणि त्यात तारखा.

राज्याच्या विषयांसाठी मुंबईत विधिमंडळाच्या समित्या आहेत, विनंती अर्ज समिती, आश्वासन समिती, लोकलेखा, आणि गावासाठी सगळ्यात कामाची पंचायत राज समिती, जिला जिल्हा परिषदेत सगळे पीआरसी म्हणतात. ही आमदारांची समिती जिल्ह्यात येते, लेखापरीक्षणातले आक्षेप काढून सीईओंना, बीडीओंना समोर बसवून विचारते, आणि दौऱ्याची बातमी आली की झेडपीत फायली कशा भराभर लागतात ते कर्मचाऱ्यांना विचारा. दौऱ्याच्या तारखा पेपरात येतात. तुमच्या ग्रामपंचायतीचा ऑडिट रिपोर्ट आधी मागून घ्या, आक्षेपाचा नंबर आणि रक्कम लिहा, आणि तेवढंच एक पान दौऱ्याआधी समितीतल्या आमदारांच्या हातात पडेल असं बघा.